एकूण नको, कुठे किती ते सांगा

परवा फोनवर धाकटा म्हणाला, "आजी, आज दिवसभर मी एकच गोष्ट शोधत होतो. माझ्या कोडमधलं कुठलं फंक्शन किती वेळ खातंय ते. जाऊ दे, तुला नाही कळायचं."

मी म्हटलं, "बाळा, मी स्वतः फंक्शन होते."

मग त्याने थोरलीला हाक मारली आणि दोघांनी मिळून मला विचारलं, की मी रक्तदाबाची गोळी वेळेवर घेते ना.

तेव्हा हे जे लिहिते आहे ते माझं डोकं ठिकाणावर आहे एवढं सिद्ध करण्यापुरतं. मी कोसाईनचं फंक्शन होते. पगारी. आणि मला फंक्शन करणारे होते आमचे साहेब. त्यांचं नाव सांगत नाही, कारण त्यांचे पुतणे अजून आहेत आणि ते चिडके आहेत.

एकोणीसशे साठ उलटून गेलं होतं. आपल्या जिल्ह्याचं नाव तेव्हा कुलाबा होतं, रायगड म्हणजे नुसता किल्ला. काशीद आणि मुरूडच्या मधे, समुद्राकडे तोंड करून बसलेली आमची चार खोल्यांची कौलारू कचेरी होती. काम एकच: किनाऱ्यावरच्या लहान लहान बंदरांत पुढच्या वर्षी रोज किती वाजता भरती येईल आणि पाणी किती चढेल, याची कोष्टकं तयार करणं. मोठ्या बंदरांची काळजी मोठी माणसं करायची. आमच्याकडे खाड्या. पण खाडीच्या तोंडाशी वाळूचा बांध असतो, आणि पुरेसं पाणी नसताना लाँच आत घातली की ती उतारूंसकट तिथेच बसते, पुढची भरती येईपर्यंत. तेव्हा काम अगदीच निरुपयोगी नव्हतं.

आमचा शिपाई धर्मा याला मात्र ते तसं वाटायचं. तो कोळीवाड्यातला. "भरती सांगायला तीन-तीन बी.एस्सी. बाया लागतात व्हय?" तो आम्हाला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायचा. "तिथ बगायची, चांद बगायचा, झालं."

साहेब म्हणत, "तुझं बरोबर आहे धर्मा. पण लाँचचा ड्रायव्हर घाटावरचा आहे. त्याला चांद दाखवला तर तो भाकरी समजून हात पुढे करील."

साहेब उंच, वाळके, अविवाहित. गळ्यात काळ्या गोफात ओवलेलं स्टॉपवॉच. ते अंघोळीपुरतं उतरत असे असा अंदाज आहे. आम्ही तिघी त्याला साहेबांचं मंगळसूत्र म्हणायचो. आम्ही तिघी म्हणजे मी, विजया आणि नलिनी. विजया रोह्याची, जिभेला धार असलेली. नलिनी चौलची, तिच्या जिभेला धार नव्हती, पण हाताला चाकं होती. ती इतकं भरभर आणि इतकं सुबक लिहायची, की तिच्याकडे बघताना आपलीच बोटं दुखायला लागत.

साहेबांना वेळेचं वेड होतं असं लोक म्हणत, ते चूक आहे. वेळेचं वेड असलेली माणसं वेळेवर येतात. साहेब कचेरीत उशिराच यायचे, पण वाटेत कुठे किती उशीर झाला याचा संपूर्ण हिशेब घेऊन. चप्पल शोधण्यात इतका, नाक्यावरच्या भाजीवाल्याशी बोलण्यात इतका, चढावर दम खाण्यात इतका. "एकूण किती उशीर झाला हे सांगणारे गावात पुष्कळ आहेत," ते म्हणायचे. "एकूण नको. कुठे किती ते सांगा." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं आहे, की लग्नानंतर तुमच्या आजोबांनी "तुला तयार व्हायला किती वेळ लागतो!" असं म्हटल्यावर मी तेच उत्तर दिलं होतं. त्यांनी वर्तमानपत्र उघडलं.

मारुतीच्या देवळात त्यांनी आरतीची वेळ घेतली आणि गुरवाला जाऊन सांगितलं, की आरती लांबते ती आरतीमुळे नव्हे, दोन आरत्यांच्या मधे पुढची कुठली म्हणायची यावरून जे चालतं त्यामुळे. गुरवाने त्यांना प्रसाद दिला आणि देवळाच्या पायरीपर्यंत पोचवलं. शाळेच्या बक्षीस समारंभात ते पहिल्या रांगेत बसत आणि पाहुणा नुसता खोकला तरी बटण दाबत. एका पाहुण्याने शेवटी विचारलं, "माझी वेळ संपली का?" साहेब म्हणाले, "छे छे, चालू द्या. तुम्ही अजून मुद्द्यावर आलेला नाही, त्याची वेळ घेतोय." पुढच्या वर्षीपासून त्यांना निमंत्रण आलं नाही.

त्यांची आई श्रीवर्धनला असायची. एकदा तिला घेऊन ते हरिहरेश्वरला गेले. तिथली प्रदक्षिणा तुम्ही लहानपणी केली आहे. पायऱ्या उतरून खडकांवरून समुद्राच्या कडेने जावं लागतं, आणि ती वाट फक्त ओहोटीला मोकळी असते. आई पुढे गेली. साहेब मधेच एका खडकावर उभे राहिले, कारण यात्रेकरूंचा वेळ नेमका कोणत्या वळणावर जातो हे त्यांना बघायचं होतं. एक घोळका झाला, दुसरा झाला. मग पाणी चढायला लागलं. आमच्या कोष्टकाप्रमाणे चढलं. साहेब मात्र कोष्टकाप्रमाणे हलले नाहीत. पुजाऱ्याने ओरडून ओरडून घसा बसवून घेतला, तेव्हा कंबरेपर्यंत भिजून, घड्याळ डोक्यावर धरून हे वर आले आणि आईला म्हणाले, "आई, आपला आकडा बरोबर निघाला!"

"मेल्या," आई म्हणाली, "आकडा बरोबर निघाला आणि तू वाहून गेला असतास म्हणजे मी आकड्याच्या हातचं पाणी प्यायले असते का?" हे मला त्या माउलीनेच सांगितलं, आणि सांगताना सुद्धा तिला हसू येत नव्हतं.

त्यांचा स्वयंपाक धर्माची बायको जानकी करायची. जेवण रोज उशिरा व्हायचं, म्हणून एक दिवस साहेब स्वयंपाकघरातच पाट मांडून, घड्याळ हातात घेऊन बसले. त्या दिवशी सगळं झटपट झालं. दुसऱ्या दिवशी बसले नाहीत, पुन्हा उशीर. तिसऱ्या दिवशी बसले, झटपट. साहेब आम्हाला सांगायला आले, अगदी शोध लागल्यासारखे: "मी बघतो तेव्हा ती बाई वेगळी असते! म्हणजे मी जे मोजतो ते तिचं काम नाहीच, मी बसलो असतानाचं काम आहे."

विजया म्हणाली, "साहेब, हे कुठल्याही बाईला विचारलं असतंत तरी कळलं असतं."

मग त्यांनी भिंतीआड बसून नुसत्या आवाजांवरून वेळ घेतली. पाट्याचा आवाज, फोडणीचा, भाकरी थापल्याचा. आणि निघालं असं, की स्वयंपाकाला वेळ लागतच नाही, तो जातो शेजारणीशी कुंपणावरून बोलण्यात. हे त्यांनी जानकीला समजावून सांगितलं. जानकीने पदर खोचला.

"मी काय बोलते त्ये पन मोजलंव? चोरून?"

"बोलणं ऐकलं नाही हो, फक्त वेळ—"

"बगा साहेब, तुमची भाकरी आता तुमीच थापा. आनि किती टाइम लागतो त्ये मना येऊन सांगा."

आठवडाभर साहेबांचं जेवण म्हणजे चुरमुरे आणि केळी. शेवटी धर्माने मध्यस्थी केली. बोलण्याचा वेळ स्वयंपाकाचाच भाग धरायचा, ह्या अटीवर जानकी परत आली.

आता मुख्य गोष्ट.

वरच्या कार्यालयातून पत्र आलं. मुंबईत एका संस्थेत इलेक्ट्रॉनिक गणकयंत्र आलं आहे. सर्व कोष्टकं यापुढे त्यावर काढावीत. आपल्या बंदरांसाठी यंत्राचा एक तास मिळेल. काम त्या तासात बसलं, तर ही कचेरी चालू राहील. किती माणसं ठेवायची ते उरलेल्या कामाला किती वेळ लागतो यावरून नंतर ठरवू. बसलं नाही, तर लहान बंदरांची कोष्टकं बंद, आणि कचेरीही बंद.

तिघींनी ते पत्र वाचलं आणि तिघींना वेगवेगळ्या गोष्टी दिसल्या. मला दिसलं म्हसळा.

म्हसळ्याला एक भाताची गिरणी होती आणि त्या गिरणीला एक मुलगा होता. तो मला बघून गेला होता. त्याने मला दोन प्रश्न विचारले: भाकरी येते का, आणि इतकं शिकून करायचं काय. मी पहिल्याला हो म्हटलं आणि दुसऱ्याचं उत्तर लांबलचक दिलं. तरी त्यांच्याकडून होकार आला. माझ्या वडिलांचं मन मोठं होतं, पण लांब पल्ल्याचं नव्हतं. ते म्हणाले, "नोकरी आहे तोवर मी जबरदस्ती करणार नाही. नोकरी सुटली, की मात्र मी ऐकणार नाही." म्हणजे माझा सगळा पुढचा जन्म मुंबईच्या त्या एका तासात कोंबायचा होता. बाकी दोघींचीही तऱ्हा थोड्याफार फरकाने तीच.

विजया म्हणाली, "तासात बसलं नाही तर कचेरी जाणार. बसलं तर यंत्र आपलं काम करणार आणि आपण जाणार. आपण आपल्याच तेराव्याचे लाडू वळतोय."

साहेब म्हणाले, "आधी कचेरी वाचू दे. मग तुमचं मी बघतो."

त्यांनी पुस्तकं मागवून यंत्राच्या सूचनांची भाषा शिकून घेतली, आम्हालाही शिकवली. भरतीचं गणित म्हणजे तुम्हाला सांगायचं तर पुष्कळ लाटांची बेरीज. प्रत्येक लाटेसाठी एक कोन, त्याचा कोसाईन, त्याला गुणायचं, बेरजेत टाकायचं, पुढची लाट. हे प्रत्येक बंदरासाठी, वर्षभराच्या प्रत्येक तासासाठी. सूचना लिहून झाल्या. प्रश्न राहिला वेळेचा. यंत्र मुंबईला, आम्ही इथे, आणि तास एकदाच मिळणार. आपल्या कामातला कुठला भाग किती वेळ खाईल, हे यंत्राशिवाय कळायचं कसं?

एका सोमवारी आम्ही आलो तर साहेबांनी टेबलं हलवून ठेवली होती. मोठ्या खोलीत मधोमध त्यांचं, तीन कोपऱ्यांत आमची. "आजपासून," ते म्हणाले, "आपणच यंत्र."

मी कोसाईन. माझ्याकडे चिठ्ठीवर कोन यायचा. मी कोष्टकाच्या जाड पुस्तकात शोधून त्याचा कोसाईन चिठ्ठीवर लिहायचा. विजया गुणाकार आणि बेरीज. तिच्यापुढे दांडा फिरवायचं आकडेमोडीचं यंत्र. नलिनी म्हणजे छपाई; आलेलं उत्तर कागदावर ओळीत उतरवायचं. धर्मा चिठ्ठ्या नेणार-आणणार. साहेब स्वतः म्हणजे मुख्य कार्यक्रम. सूचना एकेक वाचायच्या, योग्य त्या बाईला हाक मारायची आणि प्रत्येकीचा वेळ वेगळा लिहायचा. त्यांनी आमची नावंही टाकली. "कोसाईनबाई!" ते गरजायचे आणि धर्मा माझ्याकडे धावायचा.

बाहेरून मासळीच्या टोपल्या घेऊन जाणाऱ्या बाया खिडकीपाशी थांबायच्या. एकीने विचारलंच, "धर्मा, ही शाळा कसली रं?"

धर्मा चिठ्ठी नाचवत म्हणाला, "शाळा न्हाय गो. मी इजेचा करंट हाय."

पहिल्या दिवशी एका बंदराच्या एका दिवसाची भरती काढायला आम्हाला दुपार झाली. कुणामुळे, यावर आमचं एकमत होतं: धर्मामुळे. तो प्रत्येक फेरीला ओसरीवरून वळसा घालून यायचा, आणि ओसरीवर त्याची विडी कट्ट्याच्या कडेला पेटलेली ठेवलेली असायची. साहेबांनी आकडे मांडले. धर्माचा वेळ किरकोळ निघाला. विजयाचा ठीक. नलिनीचा तर काटा जेमतेम हलत होता. सगळा वेळ खाल्ला होता मी.

"कोसाईनबाई, गाडी तुम्ही अडवता," साहेब म्हणाले.

मला राग आला. मी कॉलेजात पहिली आलेली मुलगी. दुसऱ्या दिवशी मी पुस्तकाला खुणा घातल्या, पेन्सिली टोकदार करून ओळीने लावल्या, आणि धर्मा येण्याआधीच बोट तयार ठेवलं. थोडा फरक पडला. तरी सगळ्यात जास्त माझाच वेळ. तिसऱ्या दिवशी दुपारी धर्मा एक चिठ्ठी घेऊन आला आणि माझं डोकं फिरलं.

मी तिथूनच ओरडले, "साहेब, हाच कोन सकाळी तीनदा विचारलात!"

"असेल. काढा."

"काढलाय मी! उत्तर माझ्या लक्षात आहे."

"पोटकामाला स्मरणशक्ती नसते, बाई." तुम्ही ज्याला फंक्शन म्हणता त्याला ते पोटकाम म्हणत. "यंत्र प्रत्येक वेळी नव्याने काढणार. तुम्ही पण नव्याने काढा. नाहीतर माझं मोजमाप खोटं पडेल."

"मग यंत्र मूर्ख आहे."

"आहेच."

"आणि त्याला तसं सांगणारा?"

विजयाचा दांडा थांबला. धर्मा चिठ्ठी घेऊन खोलीच्या मध्यावरच उभा राहिला. साहेब माझ्याकडे बघत होते आणि त्यांचा अंगठा घड्याळाच्या बटणावर होता; मी किती वेळ उद्धट वागते ते त्यांनी त्या क्षणीही मोजलं असेल अशी मला दाट शंका आहे. मग ते उठले, माझ्या टेबलाशी आले आणि तीन दिवसांच्या चिठ्ठ्या चाळू लागले. आम्ही कोन पूर्ण अंशांत धरत होतो. वर्तुळ केवढंही फिरलं तरी अंश मोजकेच. तेच ते कोन फिरून फिरून येणार. सगळ्यांचे कोसाईन एकदाच काढून यंत्राच्या पोटात ओळीने मांडून ठेवले, तर पुढे काढायचं काहीच नाही, नुसतं उचलायचं.

"हे मला घड्याळात दिसलं नाही," साहेब म्हणाले. त्यांना खरंच नवल वाटलं होतं. "घड्याळाने तुमच्याकडे बोट दाखवलं, पण का ते नाही सांगितलं."

"कारण मी मघापासून सांगत होते, आणि तुम्ही घड्याळाकडे बघत होतात."

नव्या पद्धतीने पुन्हा तालीम घेतली. माझ्यापुढे कोसाईनांची एकच यादी. काम इतकं भरभर सुटलं, की धर्माला विडीला वेळ मिळेना आणि त्याने पगारवाढ मागितली. साहेबांनी प्रत्येकीच्या वेळेवरून यंत्राच्या वेळेचा अंदाज मांडला. गुणाकारांना इतका, उचलाउचलीला इतका. छपाईपुढे त्यांनी 'नगण्य' लिहिलं. सगळं मिळून तासाहून बराच कमी. साहेब त्या दिवशी घरी जाताना शीळ घालत होते.

मुंबईला आम्ही चौघं गेलो. धर्मा नाही आला, म्हणाला, "तुमचा करंट तिकडं फुकट मिळतो." एसटीने रेवस, रेवसहून लाँचने भाऊचा धक्का. नलिनी समुद्रात दोनदा ओकली. माझ्या मांडीवर सूचनांच्या कार्डांची पेटी होती; यंत्र अक्षरं वाचत नसे, पुठ्ठ्याच्या कार्डांवरची भोकं वाचत असे. मुंबईहूनच भोकं पाडून आणवलेली ती कार्डं मी स्वतः क्रमाने लावली होती आणि प्रत्येक विभागाच्या सुरुवातीला रंगीत कागदाची शेपटी लावली होती. विजया म्हणाली, कार्डांचा मी जेवढा सांभाळ करते तेवढा कुणी नवऱ्याचा केला तर तो बिघडेल.

यंत्राची खोली बर्फाच्या कारखान्यासारखी गार. यंत्र म्हणजे कपाटंच कपाटं आणि एका टेबलावर त्याला जोडलेला टाइपरायटर. चालवणारे गृहस्थ पारशी, जाडसर, प्रसन्न. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. "बरोबर एक तास. काटा इथे आला का मी बंद करनार. तुमच्या मागे दुसरे लोक बसलेत. मला कोनी रडून दाखवायचं नाय, काय?"

पेटी आत गेली. दिवे लुकलुकले. साहेबांनी बटण दाबलं. यंत्राने पहिल्या बंदराचा पहिला आठवडा काढला, आणि टाइपरायटर सुरू झाला.

टक. टक. टक. टक.

आम्ही वाट बघत होतो, आता तो वेग घेईल. तो वेग घेत नव्हता. तो तेवढाच चालत होता. गणित पापणी लवायच्या आत होत होतं आणि मग ती सगळी कपाटं, ते सगळे दिवे, टाइपरायटरचं एकेक अक्षर उमटायची वाट बघत थांबत होते. साहेबांनी घड्याळाकडे बघितलं, टाइपरायटरकडे बघितलं, आपल्या कागदाकडे बघितलं. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. मी मनातल्या मनात म्हसळ्याच्या गिरणीचा पट्टा फिरताना ऐकत होते.

तेवढ्यात नलिनी वाकून टाइपरायटरचं निरीक्षण करत म्हणाली, "अगंबाई, किती हो सावकाश लिहितंय हे! आमच्या चौलच्या शाळेत ह्याला शेवटच्या बाकावर बसवला असता."

आणि मला लख्ख दिसलं.

"साहेब," मी म्हटलं, "तुम्ही छपाई मोजलीत ती नलिनीची. यंत्राची नाही."

आम्ही सगळं यंत्र माणसांचं केलं आणि त्यातला एक भाग यंत्राहून वेगवान निघाला, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. साहेबांनी पेन्सिलीने 'नगण्य' हा शब्द खोडला. एवढा एक शब्द खोडायला त्यांना फार वेळ लागला.

मी त्या पारशी गृहस्थांना विचारलं, "टाइपरायटर सोडून ह्याला दुसरं कुठे उत्तर देता येतं का?"

"येते ने. कार्डावर पंच करून देईल, फटाफट. पन ते तर नुसते होल, बाई. ते छापायचं मशीन इकडे नाय. वाचेल कोन?"

आम्ही साहेबांकडे बघितलं. साहेबांनी आमच्याकडे बघितलं, एकेकीकडे, पहिल्यांदाच घड्याळाला हात न लावता. "ह्या वाचतील," ते म्हणाले.

"अरे बावा, हजारो कार्ड येल!"

"ह्यांना वाचू द्या हो. यंत्र थांबवा आणि पहिल्यापासून लावा. कोसाईनबाई, छपाईचं कार्ड?"

निळी शेपटी. मी ते डोळे मिटून काढलं असतं. छपाईच्या सूचनेऐवजी कार्डं पाडण्याची सूचना हवी होती. त्या गृहस्थांनी ती स्वतः यंत्रावर बसून करून दिली, आणि "माझ्या बायकोला सांगू नका, मी फुकटचं काम करतो" असंही म्हणाले. झालेलं सगळं टाकून दिलं आणि उरलेल्या वेळात काम नव्याने सुरू केलं. आता दुसऱ्या बाजूने कार्डं पत्त्यांच्या कॅटासारखी पडू लागली. विजया मोठमोठ्याने बंदरांची नावं घेत होती, रामरक्षा म्हणावी तशी. शेवटचं बंदर दिघी. काटा जागेवर यायला थोडा अवकाश होता तेव्हा यंत्र थांबलं, आणि पारशी गृहस्थ म्हणाले, "चला, उचला तुमचा कचरा."

तो कचरा आम्ही पोत्यांत भरून लाँचने परत आणला. काम तासात बसलं होतं. कचेरी वाचली.

तिघी मात्र अजून अधांतरीच होतो. लगेच वरून विचारणा आली: भोकं वाचून कोष्टक उतरवण्याच्या कामाला तीन व्यक्तींना किती वेळ लागतो, ते प्रत्यक्ष मोजून कळवावं. त्यावरून जागा ठरतील.

भोकं वाचणं अवघड नव्हतं. कुठल्या ओळीत भोक आहे त्यावरून आकडा; दोन दिवसांत आम्ही वर्तमानपत्रासारखी कार्डं वाचू लागलो. आणि नलिनी? नलिनी एका हाताने कार्ड उजेडात धरायची आणि दुसऱ्याने लिहीत सुटायची. विजयाने हिशेब केला आणि घाबऱ्याघाबऱ्या सांगितलं, की ह्या वेगाने एकट्या नलिनीची जागा पुरेल.

मी साहेबांकडे गेले. "साहेब, तुम्ही म्हणाला होतात, तुमचं मी बघतो."

"म्हणालो होतो."

"मग पत्रात थोडा जास्त वेळ लिहा."

ते इतके दुखावले, की मी त्यांच्या आईला काही बोलले असते तरी एवढे दुखावले नसते. "खोटा आकडा? मी? बाई, मी ह्या हाताने कधी खोटा आकडा लिहिलेला नाही आणि लिहिणार नाही." मग ते उठले, खिडकीपाशी गेले, आणि बाहेर बघत म्हणाले, "मी बुधवारी मोजणार आहे. जे होईल ते लिहीन. बुधवारी तुम्ही किती वेगाने वाचायचं, हे मी कसं सांगणार? मी समोर बसलो की माणसं वेगळी वागतात, हे मला जानकीबाईंनी शिकवलंय."

सोमवार आणि मंगळवार आम्ही नलिनीला सावकाश लिहायला शिकवण्यात घालवले. इतकं कठीण काम मी आयुष्यात केलेलं नाही, त्यात तुमच्या आईचं गणितही आलं. ती बिचारी प्रयत्न करायची, चार ओळी रांगत जायच्या आणि पाचवीला हात सुटायचा. "मला हळू अक्षर येतच नाही गं," ती रडकुंडीला यायची. शेवटी धर्माने उपाय काढला: तिला डाव्या हाताने लिहायला लावा.

बुधवारी साहेब घड्याळ घेऊन मधोमध बसले. नलिनी डाव्या हाताने, जीभ दातांत धरून, एकेक आकडा कोरत होती. विजया प्रत्येक कार्ड दोनदा पुसायची. मी प्रत्येक कार्डाची दोन्ही बाजूंनी तपासणी केली. धर्मा मधून मधून पाणी आणत होता, आणि आम्ही ते पीत होतो. साहेबांनी हे सगळं पाहिलं, संध्याकाळी बटण दाबलं, आकडा जसाच्या तसा पत्रात लिहिला आणि खाली लफ्फेदार सही केली.

महिन्याने उत्तर आलं. साहेबांनी आम्हा तिघींना आणि धर्मालाही आत बोलावलं, दार लावून घ्यायला सांगितलं आणि पत्र उभं राहून वाचून दाखवलं. तीनही जागा कायम. माझ्या कानाने एवढंच ऐकलं आणि म्हसळ्याची गिरणी तिथल्या तिथे बंद पडली. पण साहेब पुढे वाचत होते. कर्मचाऱ्यांच्या कामाचा वेग अत्यंत असमाधानकारक असून, संबंधित अधिकाऱ्यांना वेळेचं भान नसल्याचं दिसून येतं. त्यांनी यापुढे वेळेकडे लक्ष द्यावं.

साहेबांनी ते वाक्य पुन्हा एकदा वाचलं, या वेळी सावकाश, प्रत्येक शब्दावर थांबत. मग पत्राची नीट घडी घालून ते आमच्याकडे वळले.

"वेळेकडे लक्ष द्यावं," ते म्हणाले. "मी!"

आणि हसत हसत ते जे खुर्चीत बसले, ते धर्माने पाठीवर थापा मारीपर्यंत हसायचे थांबले नाहीत.